संयोजी ऊतींचे आनुवंशिक विकार आणि बाळंतपण

त्वचा, सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हृदयाच्या झडपा, डोळ्यातील भिंगाला जागेवर धरणारे बारीक तंतू आणि गर्भाशयाचे मुख यांची कामे परस्परांहून फार वेगळी असली, तरी त्यांची घडण एकाच जातीच्या ऊतींतून होते. पेशीसमूहांना एकत्र बांधणाऱ्या आणि आधार देणाऱ्या या ऊतींना संयोजी ऊती म्हणतात व त्यांचे बळ मुख्यतः कोलॅजेन, इलॅस्टिन आणि फायब्रिलिन या प्रथिनांच्या तंतूंवर अवलंबून असते. यांपैकी एखाद्या प्रथिनाची रचना ठरवणाऱ्या जनुकात जन्मतः दोष असेल, तर तंतू अपुरे किंवा कच्चे तयार होतात आणि त्याचा परिणाम एका अवयवापुरता राहत नाही. मारफान सिंड्रोम, एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम, लॉइस-डीट्झ सिंड्रोम आणि हाडे सहज मोडणारा ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हे या गटातील प्रमुख विकार होत.

गर्भारपणाचा भार नेमका याच ऊतींवर पडतो. निरोगी स्त्रीच्या शरीरातही या काळात रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, हृदयाला दर मिनिटाला अधिक रक्त ढकलावे लागते, रिलॅक्सिन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या प्रभावाने कटिभागाचे अस्थिबंध सैल होतात आणि प्रसूती जवळ आली की गर्भाशयाच्या मुखातील कोलॅजेनची फेररचना होऊन ते मऊ पडते. गर्भजलाची पिशवी टिकते तीही कोलॅजेनच्याच आधारावर. त्यामुळे मुळातच कच्च्या ऊती असलेल्या स्त्रीच्या बाबतीत बाळंतपणाचे नियोजन कळा सुरू झाल्यावर किंवा सातव्या महिन्यात करून भागत नाही. गर्भ राहण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे हाती असावी लागतात: विकाराचा नेमका प्रकार कोणता आणि महारोहिणीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिनीचा, व्यास किती. पुढची बहुतेक सर्व दिशा या दोन उत्तरांवरून ठरते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ल्युपस, स्क्लेरोडर्मा, शोग्रेन सिंड्रोम यांनाही वैद्यकात संयोजी ऊतींचे विकार म्हणतात. मात्र त्यांत जन्मजात तंतूदोष नसून शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटलेली असते आणि त्यामुळे त्यांचे गर्भारपणातील नियम निराळे असतात. ल्युपस असलेल्या स्त्रीने रोग किमान सहा महिने शांत असताना गर्भधारणेचा विचार करावा, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध गर्भारपणातही चालू ठेवावे, मिथोट्रेक्सेट व मायकोफेनोलेट ही गर्भाला घातक औषधे वैद्यकीय सल्ल्याने पुरेशी आधी बदलून घ्यावीत, आणि अँटी-रो व अँटीफॉस्फोलिपिड या प्रतिपिंडांची तपासणी अगोदर करून घ्यावी. कारण पहिल्यामुळे क्वचित गर्भाच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि दुसऱ्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होऊन वारंवार गर्भपात होऊ शकतो. स्क्लेरोडर्मात फुप्फुसातील रक्तदाब वाढलेला असेल, तर गर्भधारणा टाळण्याचाच सल्ला दिला जातो. या लेखाचा विषय मात्र आनुवंशिक विकार हा आहे.

निदान आधी

या विकारांची खूण बहुधा अंगावरच असते, पण तिच्याकडे कोणी विकार म्हणून पाहत नाही. मारफान असलेली स्त्री घरातील इतरांपेक्षा उंच असते, तिचे हात, पाय व बोटे लांबट असतात, अंगठा तळव्यात दुमडून मूठ मिटली की त्याचे टोक करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावते, चष्म्याचा नंबर लहानपणापासून मोठा असतो, पाठीचा कणा वाकडा किंवा छातीचे हाड आत गेलेले असते आणि कधी डोळ्यातील भिंग जागेवरून सरकलेले आढळते. एहलर्स-डॅनलॉसच्या बहुतेक प्रकारांत सांधे नको तितके वाकतात, खांदा किंवा गुडघ्याची वाटी वारंवार निसटते, त्वचा मऊ व ताणली जाणारी असते, किरकोळ धक्क्याने काळेनिळे डाग पडतात आणि जखमा भरताना रुंद, पातळ व सुरकुतलेले व्रण राहतात. सांध्यांची शिथिलता मोजण्यासाठी बेटन नावाची नऊ गुणांची साधी चाचणी वापरली जाते. करंगळी मागे किती वळते, अंगठा मनगटाला टेकतो का, कोपर व गुडघा उलट्या दिशेने वाकतो का आणि गुडघे न दुमडता तळवे जमिनीला टेकतात का, हे तीत पाहिले जाते. प्रौढ स्त्रीत पाच किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करणे योग्य ठरते. शिथिल सांधे पुष्कळ निरोगी माणसांतही असतात, त्यामुळे केवळ या गुणांवरून निदान होत नाही.

एहलर्स-डॅनलॉसच्या २०१७ मधील आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तेरा प्रकार मानले गेले आणि बाळंतपणाच्या दृष्टीने त्यांच्यातील अंतर फार मोठे आहे. अतिशिथिल सांध्यांचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. त्याला जबाबदार असलेले जनुक अद्याप निश्चित झालेले नसल्याने त्याचे निदान लक्षणांवरूनच करावे लागते, आणि त्यात बाळंतपण त्रासाचे झाले तरी ते सहसा जिवावर बेतत नाही. त्याउलट कोल३ए१ या जनुकातील दोषामुळे होणारा रक्तवाहिन्यांचा प्रकार दुर्मीळ असला तरी त्यात मोठ्या रोहिण्या, आतडे आणि गर्भाशयही फाटू शकते. गंमत अशी की या घातक प्रकारात मोठे सांधे फारसे सैल नसतात, त्वचा ताणली जात नाही, तर ती पातळ असून तिच्याखालच्या शिरा स्पष्ट दिसतात. म्हणून सांधे पाहून निर्धास्त होणारा वैद्यही चकू शकतो. मारफानसाठी एफबीएन१, रक्तवाहिन्यांच्या एहलर्स-डॅनलॉससाठी कोल३ए१, लॉइस-डीट्झसाठी टीजीएफबीआर१ व टीजीएफबीआर२ यांसह काही जनुके तपासता येतात, आणि शंका असलेल्या स्त्रीने ही रक्ततपासणी आनुवंशिकी तज्ज्ञाच्या सल्ल्याने गर्भधारणेपूर्वीच करून घ्यावी.

या तपासणीइतकेच महत्त्व कुटुंबाच्या इतिहासाला आहे. तिशी-चाळिशीत कोणी अचानक छातीत दुखून गेले का, कोणाच्या महारोहिणीवर किंवा झडपेवर शस्त्रक्रिया झाली का, बाळंतपणात किंवा त्यानंतर काही दिवसांत कोणी दगावले का, हे विचारल्यावाचून निदान अपुरे राहते. आपल्याकडे मुलीच्या माहेरचे आजार लग्न ठरवताना झाकले जातात आणि नंतर सासरी ते उघड करण्याचा धीर होत नाही. परिणामी मावशी बाळंतपणात गेली ही गोष्ट साऱ्या भावकीला ठाऊक असते, पण डॉक्टरांच्या कागदावर ती कधीच उमटत नाही. हृदयविकार म्हणून नोंदलेला तरुण माणसाचा मृत्यू प्रत्यक्षात महारोहिणी फाटल्याने झालेला असू शकतो, हे लक्षात घेऊन अशी माहिती तपशिलाने सांगितली गेली पाहिजे.

मारफान, एहलर्स-डॅनलॉसचे प्रमुख प्रकार आणि लॉइस-डीट्झ हे अलिंगी प्रभावी पद्धतीने संक्रमित होतात, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाला विकार असला तरी प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मारफानच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत दोष नव्यानेच उद्भवलेला असतो, म्हणून घरात कोणालाच नाही यावरून विकार नाही असे ठरत नाही. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी झालेल्या विवाहाचा मारफानशी संबंध जोडला जातो तो चुकीचा आहे. एहलर्स-डॅनलॉसच्या काही विरळ, अप्रभावी प्रकारांत मात्र जवळच्या नात्यातील विवाहामुळे धोका खरोखर वाढतो. घरातील नेमका जनुकदोष माहीत असल्यास अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासून गर्भात तो आहे का हे कळू शकते, तसेच टेस्ट ट्यूब पद्धतीत भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वीही तपासता येतो. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविषयक कायद्यानुसार जनुकीय विकारांसाठीची अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रात करण्यास मुभा आहे. गर्भाचे लिंग मात्र सांगता येत नाही.

महारोहिणीचा व्यास

हृदयातून निघून सर्व शरीराला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी ती महारोहिणी. डॉक्टर तिला एओर्टा म्हणतात. मारफानमध्ये तिचा हृदयाजवळचा भाग हळूहळू फुगत जातो आणि एखाद्या क्षणी तिच्या भिंतीचा आतला थर चिरून रक्त थरांच्या मधोमध शिरते. या घटनेला डिसेक्शन म्हणतात आणि मारफान असलेल्या गर्भवतीच्या मृत्यूचे ते मुख्य कारण आहे. त्याचा धोका गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो. बाळ सुखरूप झाले, आता चिंता मिटली, असे घरच्यांना वाटू लागते तोच हा काळ असतो.

निरोगी स्त्रीत महारोहिणीच्या मुळाचा व्यास सामान्यतः ३५ मिलिमीटरच्या आत असतो. मारफानमध्ये तो ४० मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास गर्भधारणा हृदयरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली बहुधा पार पडते, तरीही डिसेक्शनचा धोका सुमारे एक टक्का उरतोच. ४० ते ४५ मिलिमीटरमध्ये तो लक्षणीय वाढतो आणि निर्णय कौटुंबिक इतिहास, व्यास वाढण्याचा वेग व झडपेची स्थिती पाहून घ्यावा लागतो. ४५ मिलिमीटरच्या पुढे आधी शस्त्रक्रिया करून मगच गर्भधारणेचा विचार करावा, असा सल्ला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे देतात. हे आकडे कोणत्याही स्त्रीला सरसकट लावता येत नाहीत. लहान चणीच्या स्त्रीसाठी ४२ मिलिमीटरचा व्यास उंच स्त्रीतील तेवढ्याच व्यासापेक्षा अधिक गंभीर असतो, त्यामुळे उंचीच्या व शरीराच्या आकारमानाच्या तुलनेत व्यास किती, हे तज्ज्ञाला विचारून घ्यावे. लॉइस-डीट्झमध्ये तर रोहिणी याहून कमी व्यासावरही फाटू शकते. आधीच एकदा डिसेक्शन होऊन गेलेल्या स्त्रीने गर्भधारणा टाळावी, याबद्दल तज्ज्ञांत दुमत नाही.

शस्त्रक्रिया ठरल्यास मूल हवे आहे ही गोष्ट शल्यचिकित्सकाला आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. कृत्रिम धातूची झडप बसवली तर जन्मभर रक्त पातळ ठेवणारे औषध घ्यावे लागते. त्यांपैकी वॉरफरिन गर्भाच्या पहिल्या तिमाहीतील वाढीला अपायकारक असते आणि ते थांबवले तर झडपेवर गुठळी होण्याची भीती राहते. स्त्रीची स्वतःची झडप राखून फक्त फुगलेला भाग बदलण्याची शस्त्रक्रिया शक्य असेल तर हा पेच टळतो. शस्त्रक्रियेनंतरही महारोहिणीचा उरलेला भाग त्याच कच्च्या ऊतींचा असतो, म्हणून देखरेख सुटत नाही.

गर्भ राहण्यापूर्वी टूडी इको आणि शक्य असल्यास संपूर्ण महारोहिणीचे एमआरआय किंवा सीटी स्कॅन करून मोजमाप नोंदवून ठेवावे, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहतो. गर्भारपणात इको किती वेळा करायचा हे व्यासावरून ठरते. तो स्थिर असेल तर दर तिमाहीत, वाढलेला असेल तर दर महिन्या-दीड महिन्याला, आणि प्रसूतीनंतर दवाखाना सोडण्यापूर्वी, सहा आठवड्यांनी व सहा महिन्यांनी पुन्हा करावा लागतो. सोनोग्राफी आणि इको यांचा गर्भाला अपाय होत नाही. गर्भवतीला छातीत किंवा दोन्ही खांद्यांच्या मध्ये अचानक, फाडल्यासारखी तीव्र कळ आली, मानेपर्यंत, जबड्यात किंवा पोटात दुखू लागले, भोवळ आली किंवा एखाद्या हातापायातील शक्ती गेली, तर ते पित्त किंवा गर्भारपणातील पाठदुखी समजून घरी थांबू नये. अशा वेळी निदानासाठी सीटी स्कॅन लागत असेल, तर बाळाला किरणांचा त्रास होईल या भीतीने त्याला नकार देणे आई व बाळ दोघांनाही महागात पडते.

औषधांच्या बाबतीत एक चूक सर्रास घडते. मारफानमध्ये महारोहिणीवरचा ताण कमी करण्यासाठी लोसार्टन हे औषध मोठ्या प्रमाणावर दिले जाते, परंतु ते, तसेच एनालाप्रिल व रॅमिप्रिल यांच्या गटातील औषधे, गर्भाच्या मूत्रपिंडांना हानी पोहोचवतात व गर्भजल कमी करतात. मासिक पाळी चुकल्यावर डॉक्टरांकडे जाईपर्यंत दीड-दोन महिने सहज निघून जातात. म्हणून मूल हवे असा विचार ठरताच हे औषध बदलून मेटोप्रोलॉल किंवा लॅबेटॅलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर गटातील औषध सुरू करून घ्यावे आणि ते गर्भारपणभर व बाळंतपणानंतरही घेत राहावे. याच गटातील अटेनोलॉल मात्र गर्भाची वाढ खुंटवत असल्याने टाळले जाते. औषध आपल्या मनाने थांबवणे हे चुकीचे औषध चालू ठेवण्याइतकेच धोक्याचे आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी लघवीच्या किंवा इतर संसर्गासाठी सहज लिहून दिली जाणारी प्रतिजैविके फुगलेली महारोहिणी असलेल्यांनी, तसेच मारफान व रक्तवाहिन्यांचा एहलर्स-डॅनलॉस असलेल्यांनी टाळावीत, अशी सूचना अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये दिली आहे. विकाराचे नाव केसपेपरवर ठळक असेल, तर अशी चूक टळते.

एहलर्स-डॅनलॉस

रक्तवाहिन्यांच्या प्रकारात गर्भधारणा ही मुळातच अतिजोखमीची मानली जाते. या स्त्रियांच्या प्रसूतींत मातामृत्यूचे प्रमाण सुमारे पाच टक्के आढळले आहे. बहुसंख्य स्त्रिया बचावतात हे जितके खरे, तितकेच हेही खरे की कोणती स्त्री बचावेल हे अगोदर सांगता येत नाही. त्यामुळे निर्णय स्त्रीने, नवऱ्याने आणि डॉक्टरांनी एकत्र बसून, मूल दत्तक घेण्याचा पर्यायही मोकळेपणाने समोर ठेवून घ्यावा, आणि निर्णय होईपर्यंत भरवशाचे गर्भनिरोधक वापरावे. नको असताना गर्भ राहिल्यास विलंब न करता तज्ज्ञांकडे जावे. आईचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात तातडीने आवश्यक असल्यास वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यातील आठवड्यांची मर्यादा आड येत नाही, हे फार थोड्या कुटुंबांना माहीत असते. गर्भधारणा पुढे न्यायची ठरली, तर प्रसूती मोठ्या रुग्णालयातच, दिवस पूर्ण होण्याच्या थोडे आधी ठरवून करण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. सिझेरियन की नैसर्गिक प्रसूती याविषयी मात्र पुरावा निर्णायक नाही.

अतिशिथिल सांध्यांच्या आणि अभिजात (क्लासिकल) प्रकारांत प्रश्न निराळे असतात. जांघेत, माकडहाडात व जघनास्थीच्या सांध्यात होणाऱ्या वेदना चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनच चालणे कठीण करू शकतात. कमरेचा आधारपट्टा, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कुशीवर झोपणे आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले स्नायू बळकट करणारे व्यायाम यांचा उपयोग होतो. गर्भवतींसाठीच्या योगवर्गात ज्या स्त्रीचे अंग सर्वांत लवचिक तिचे कौतुक होते, परंतु सांधा त्याच्या शेवटच्या मर्यादेपर्यंत ताणणे तिलाच सर्वाधिक अपायकारक असते. उभे राहिले की धडधड वाढून चक्कर येणे हेही या स्त्रियांत वारंवार दिसते. पाणी भरपूर पिणे, पलंगावरून सावकाश उठणे, स्वयंपाक बसून करणे व पायांना घट्ट मोजे घालणे हे त्यावरचे साधे उपाय असून मीठ वाढवायचे की नाही हे रक्तदाब पाहून डॉक्टरांनी ठरवावे. गर्भजलाची पिशवी वेळेआधी फुटण्याचा संभव असतो, विशेषतः गर्भालाही विकार मिळालेला असल्यास, कारण ही पिशवी गर्भाच्याच ऊतींची बनते. गर्भाशयाचे मुख अकाली उघडण्याची शक्यता लक्षात घेऊन सोनोग्राफीत त्याची लांबी मोजून घ्यावी.

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टामध्ये कटिभागाची हाडे वेडीवाकडी असल्यास सिझेरियन लागते. केवळ बाळाची हाडे वाचवण्यासाठी सरसकट सिझेरियन केल्याने फायदा होत असल्याचे दिसून आलेले नाही.

माहेर की रुग्णालय

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे आणि सातव्या महिन्यानंतर मुलगी माहेरी जाते. इतर स्त्रियांसाठी ही रीत सुखाची असली, तरी या विकारात ती घातक ठरू शकते, कारण ज्या डॉक्टरांनी सहा महिने महारोहिणीचे मोजमाप ठेवले ते साताऱ्याला किंवा पुण्याला राहतात आणि मुलगी तालुक्याच्या गावी नव्या प्रसूतिगृहात, अपुऱ्या कागदांसह, सर्वाधिक धोक्याच्या तिमाहीत जाऊन पोहोचते. अशा वेळी मुलीने माहेरी जाण्याऐवजी माहेरच्यांनी तिच्याकडे येऊन राहणे हे अधिक शहाणपणाचे. मारफान, लॉइस-डीट्झ व रक्तवाहिन्यांचा एहलर्स-डॅनलॉस यांसाठी प्रसूतितज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, हृदयशल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, नवजात शिशू विभाग आणि रक्तपेढी एकाच आवारात असलेले रुग्णालय निवडावे. मुंबईचे केईएम किंवा गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय यांसारखी शिक्षण रुग्णालये या कारणासाठी खाजगी प्रसूतिगृहापेक्षा उपयुक्त ठरतात. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या स्त्रीने प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या मोफत तपासणीत विकाराचे नाव सांगून आपली नोंद अतिजोखमीची गर्भवती अशी करून घ्यावी आणि शेवटच्या आठवड्यांत रुग्णालयाजवळ मुक्काम हलवावा. निदान, जनुकतपासणीचा अहवाल, इकोतील व्यास तारखांसह, चालू औषधे आणि टाळायची औषधे हे सर्व एका पानावर लिहून ते माता व बाल संरक्षण कार्डात ठेवल्यास रात्री अपरात्री गाठ पडणाऱ्या अनोळखी डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.

कळा, भूल आणि टाके

महारोहिणीचा व्यास ४० मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास नैसर्गिक प्रसूतीलाच पसंती दिली जाते. ४० ते ४५ मध्ये पाठीतून एपिड्यूरल देऊन वेदना आटोक्यात ठेवतात, कारण वेदनेने रक्तदाब चढतो. तसेच जोर लावण्याचा टप्पा व्हॅक्यूम किंवा चिमट्याच्या साहाय्याने आवरता घेतात. ४५ च्या पुढे सिझेरियनचा विचार होतो. रक्तवाहिन्यांच्या एहलर्स-डॅनलॉसमध्ये मात्र उपकरणांचा वापर शक्यतो टाळतात, कारण त्याने ऊती फाटण्याचा धोका वाढतो.

भूलतज्ज्ञाची भेट कळांच्या वेळी प्रथम होऊ नये, ती सातव्या-आठव्या महिन्यात ठरवून घ्यावी. मारफानमध्ये पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचे आवरण कमरेपाशी फुगलेले असू शकते आणि त्यामुळे पाठीतून दिलेली भूल अपुरी पडते किंवा सुई टोचल्यावर द्रव गळून दिवसचे दिवस डोके दुखते. हे एमआरआयवरून आधी कळू शकते. एहलर्स-डॅनलॉसच्या अनेक स्त्रियांत जागेवरची भूल नीट चढत नाही. दात काढताना इंजेक्शन घेऊनही दुखले असेल, तर ती क्षुल्लक वाटणारी गोष्ट भूलतज्ज्ञाला अवश्य सांगावी. शिथिल सांध्यांच्या स्त्रीचे पाय रिकिबीत अडकवताना खुब्याचे सांधे ताणले जाणार नाहीत आणि पूर्ण भूल द्यावी लागली तर मान व जबडा सांभाळला जाईल, हे प्रसूतिकक्षातील सर्वांना ठाऊक हवे. काही स्त्रियांत प्रसूती फार वेगाने होते, त्यामुळे पहिलटकरणीला घाई नसते हा अनुभवी बायकांचा सल्ला येथे लागू पडत नाही व कळा सुरू होताच निघावे लागते.

रक्तस्राव अधिक होण्याची शक्यता धरून रक्त तयार ठेवावे लागते. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या या स्त्रियांत बहुधा सामान्य येतात, कारण दोष रक्तात नसून वाहिनीच्या भिंतीत असतो. म्हणून त्या अहवालांवर विसंबून राहता येत नाही. वार पडल्यावर रक्तस्राव थांबवण्यासाठी प्रसूतिगृहांत सर्रास दिले जाणारे मिथरजिनचे इंजेक्शन रक्तदाब एकदम चढवते, त्यामुळे महारोहिणी फुगलेल्या स्त्रीला ते देऊ नये, अशी सूचना केसपेपरच्या पहिल्याच पानावर असावी. ऑक्सिटोसिन सावकाश, थेंबाथेंबाने दिले जाते. अकाली कळा थांबवण्यासाठीची टर्ब्युटॅलिनसारखी हृदयाची गती वाढवणारी औषधेही अशा स्त्रीत वर्ज्य होत. टाके थराथराने, ताण न देता घालून नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवावे लागतात, अन्यथा जखम उसवते.

सव्वा महिना

बाळंतिणीची जोरकस मालिश, शेगडीचा शेक आणि पोट घट्ट बांधणे या प्रथा या विकारांत तपासून घ्याव्या लागतात. अंग रगडल्याने काळेनिळे डाग पडतात व सांधे निसटू शकतात, शेकाने चक्कर येण्याचा त्रास बळावतो आणि नाजूक त्वचा भाजण्याची भीती असते; मालिश हवीच असेल तर तेल हलक्या हाताने जिरवण्यापुरती करावी. महारोहिणीचा विकार असलेल्या स्त्रीने पाण्याची भांडी, सिलिंडर असे जड ओझे उचलू नये आणि औषध एक दिवसही चुकवू नये. स्तनपान बहुतेकींना करता येते, फक्त चालू औषधे त्यासाठी सुरक्षित आहेत का हे विचारून घ्यावे. प्रसूतीनंतर खोकताना लघवी सुटणे किंवा अंग बाहेर आल्यासारखे वाटणे ही तक्रार या स्त्रियांत अधिक आढळते आणि लाजेखातर ती दडवली जाते. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम लवकर सुरू केल्यास पुष्कळ फरक पडतो.

बाळाला अंघोळ घालणाऱ्या बाईला विकाराची कल्पना पहिल्याच दिवशी द्यावी. पसरलेल्या पायांवर बाळाला घेऊन त्याचे हातपाय ताणणे, छातीवर आडवे-उभे घडी करणे, उलटे धरणे हे प्रकार शिथिल सांध्यांच्या बाळाचा खुबा निखळवू शकतात आणि ठिसूळ हाडांच्या बाळाचे हाड मोडू शकतात. दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधणेही खुब्याला मारक असते, त्यामुळे पाय आपोआप दुमडलेले व मोकळे राहतील असे गुंडाळावे. जन्मानंतर बालरोगतज्ज्ञाने खुबे तपासावेत आणि शंका वाटल्यास चौथ्या ते सहाव्या आठवड्यात त्यांची सोनोग्राफी करावी. मारफानच्या कुटुंबातील बाळाचे डोळे व हृदय पहिल्या वर्षात तपासून घ्यावे. घरातील जनुकदोष माहीत असेल, तर बाळाच्या रक्ताची तपासणी करून प्रश्न कायमचा निकाली काढता येतो आणि दोष नसलेल्या मुलाला वर्षानुवर्षे विनाकारण तपासण्या कराव्या लागत नाहीत. स्त्रीच्या विकाराचे निदान गर्भारपणातच प्रथम झाले असेल, तर तिचे आईवडील, भावंडे आणि मोठी मुले यांचा टूडी इको बाळाच्या बारशापर्यंत न लांबवता करून घ्यावा.